दिवा तोच, खोली तीच

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘आवाज असा का येतोय?’ मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नव्हती. दीड महिना धड झोपलो नव्हतो.

माझा रूममेट रात्री दोन-अडीचपर्यंत जागा. मला अकराला पेंग येते. त्याच्या टेबललॅम्पचा उजेड बरोब्बर माझ्या उशीवर. सुरुवातीला चादर डोक्यावरून ओढून गप्प पडायचो. मग एका सकाळी त्याच्या अलार्मवरून भडकलो (साहेब पाच वेळा स्नूझ करणार आणि उठणार मी!). तोही काहीतरी लागट बोलला. झालं, अबोला सुरू.

आता गंमत ऐक. रागारागात तो लायब्ररीत जाऊन बसायला लागला. खोलीत मिट्ट काळोख, चिडीचूप. आता तरी झोप लागावी की नाही? छे! कान सगळे दाराकडे. आधी जिन्यात पावलं, मग कुलपात हळूच फिरणारी किल्ली, मग बूट हातात घेऊन चोरासारखा आत येणारा तो. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलेलं, श्वाससुद्धा मोजून मापून. पाठीमागे तोही जागाच असायचा, कूस बदलली की पलंग करकरायचा.

नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा सावध झोपतो, असं २०१६ साली ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं होतं. माझा आपला अंदाज, तो पहारेकरी माझ्या डोक्यातून महिनाभर हललाच नाही. त्यात दिवसा डोळे मिटायचे म्हणून संध्याकाळी कॉफी. तिच्यातलं निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण ५ तास लागतात, म्हणजे रात्रीची वाट मीच लावत होतो.

आणि खरं सांगू? विशीच्या आसपास शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं. म्हणजे आमच्या वयाला धरून वागत होता तो. आजोबांसारखा अकराला पेंगणारा मीच विचित्र.

गेल्या आठवड्यात काळोखात त्याचा पाय माझ्या बादलीला लागला. धडाम! पाणी पार पलंगाखाली. दोन क्षण दोघंही गप्प. मग मीच म्हणालो, “जागा आहे मी. लाव दिवा.”

“माहितेय,” तो म्हणाला. “झोपलास की तू घोरतोस.”

फरशी पुसता पुसता तीन वाजले. अलार्मचं बोलणंही तेव्हाच उरकलं. आता तो एकदाच वाजतो, दुसऱ्यांदा वाजला तर उशी फेकायची मला मुभा आहे. लॅम्पचं तोंड त्याने भिंतीकडे वळवलंय, तरी उजेड येतोच. पण काल तो वाचत बसलेला असतानाच मला कधी डोळा लागला, कळलंही नाही.

एक मात्र विचारायचंय. त्या ट्रेकला आपण दोन रात्री एकाच तंबूत होतो. मी खरंच घोरतो का रे?

तुझाच,
आजोबा