कुर्डुवाडी हॉलमध्ये आणतोय

प्रिय दिल्या,

परवा फोनवर "या वयात आगगाडी खेळतोस होय" म्हणून जे हसलास ना, त्याचं उत्तर तेव्हाच देणार होतो पण तू बोलू देशील तर. म्हणून आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस. तुझ्याकडं एक कामही आहे पण ते शेवटी सांगतो, आधी सांगितलं तर मधलं काही वाचणार नाहीस.

तर बार्शी लाइट, म्हणजे आपल्या कुर्डुवाडी-बार्शी छोट्या रेल्वेचं मॉडेल करतोय. हॉलच्या लांब भिंतीला, दिवाणाच्या वर, १२ फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद प्लायचा फळा लावलाय, एका टोकाला कुर्डुवाडी, मधे रानं, आणि दुसऱ्या टोकाला बार्शी नाहीच, तिथं कडुलिंबाच्या दाट झाडीआड गाडी दिसेनाशी होते आणि मागं लपवलेल्या यार्डात उभी राहते. बार्शी का नाही म्हणशील, तर जागा. आपला स्केल १:८७, त्याला एचओ म्हणतात, आणि कुर्डुवाडी-बार्शी ३५ किलोमीटर, म्हणजे १:८७ ने सुद्धा ४०० मीटर होतात! सोसायटीच्या गेटातून निघून मेन रोडच्या सिग्नलपर्यंत रूळ टाकावे लागतील. त्यामुळं एकच ठिकाण निवडायचं होतं आणि मी कुर्डुवाडी निवडलं, तू तिथला म्हणून नाही हं, उगाच फुगू नकोस. बायकोची अट एकच, लाकडाचा भुसा बाल्कनीच्या आत आला नाही पाहिजे. आतापर्यंत पाळलीये, साधारण.

आता मुद्द्याचं. तू म्हणालास की मग ती आपली गाडी कर ना, सुट्टीत मामाकडं जायचो ती, धूर खात. ती नाही करणार. आपण पाहिली ती गाडी म्हातारी होती रे. आणि तिच्यावर सगळे एकच जोक सांगतात, चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढायचं, हा जोक मी माथेरानबद्दल ऐकलाय, शकुंतलेबद्दल ऐकलाय, दार्जिलिंगबद्दल पण ऐकलाय, प्रत्येक नॅरोगेजला तोच चिकटवलेला. मला तिची चेष्टाही नकोय आणि उमाळाही नकोय. मला ती तरणी असतानाची करायचीये, पहिल्या दहा वर्षांतली, १८९७ ला सुरू झाली तेव्हापासून १९०६ ला पंढरपूरला पोचली तोपर्यंतची. कारण तेव्हा ती जगातल्या नॅरोगेजवाल्यांनी मुद्दाम बघायला यावं अशी लाइन होती, आणि हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलंच नाही, बार्शीत राहून!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप म्हणून इंजिनिअर होता, आधी जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला. जीआयपीची मुंबई-सोलापूर लाइन बार्शीला बगल देऊन गेली, आणि बार्शी तर कापसाची, धान्याची मोठी पेठ, सगळा माल बैलगाड्यांनी स्टेशनावर यायचा. त्या स्टेशनाचं नावच बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी. यानं डोकं लावलं की अडीच फुटी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) हलकी लाइन टाकू. हलकी लाइन बरेच जण टाकत होते पण गोम अशी की डबे हलके असले तरी इंजिन जड असतं, मग त्या एका इंजिनासाठी सगळीकडं जड रूळ, जड पूल, जड खर्च. कॅलथ्रॉपनं नियम केला, इंजिन असो की मालडबा, कुठल्याच अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसावर, ५ टनापेक्षा जास्त वजन येणार नाही. बस्स. म्हणून त्याचं पहिलं इंजिन बघ, लीड्सच्या किटसन कंपनीचं, पुढं आठ जोडलेली चाकं आणि मागं अजून चार, एवढंसं इंजिन आणि खाली चाकंच चाकं, वजन पसरवायला. आणि मालडबे चार अ‍ॅक्सलचे, म्हणजे २० टनापर्यंत सगळं मिळून जाऊ शकतं, त्यात डब्याची फ्रेम दाबून वळवलेल्या पत्र्याची, हलकी, म्हणजे वजनातला जास्तीत जास्त वाटा मालाचा. भारतात पाठवायच्या आधी त्यानं लीड्सजवळ न्यूले इथं खास तात्पुरता ट्रॅक टाकून हे सगळं लोकांना चालवून दाखवलं होतं. म्हणजे बार्शीची गाडी बार्शीच्या आधी इंग्लंडात धावली लका! (हाच माणूस पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट करत बसला, 'गार्डियन एंजल' नावाचं. काही लोकांना स्वस्थ बसवत नाही.)

या माणसानं माझं काम किती सोपं केलंय ते ऐक. त्याचे सगळे मालडबे एकाच मापाच्या सांगाड्यावर, २५ फूट लांब ७ फूट रुंद, वर पाहिजे ती बॉडी चढवायची, उघडी, बंद, जनावरांची. एचओमध्ये १ फूट म्हणजे साडेतीन मिलीमीटर, म्हणून माझा सांगाडा साडेसत्याऐंशी मिमी लांब आणि साडेचोवीस मिमी रुंद, एकदाच कॉम्प्युटरवर काढला, थ्रीडी प्रिंटवाल्याकडनं रेझिनमध्ये गठ्ठ्यानं काढून आणला आणि आता नुसत्या बॉड्या बनवतोय. त्याला जे पैशात वाचलं ते मला रविवारात वाचतंय. आणि तो डबा रुळावर ठेवल्यावर जे दिसतं ना, खाली अडीच फुटाचा रूळ आणि वर सात फुटाची बॉडी, जवळजवळ तिप्पट, बघणाऱ्याला वाटतं आता कलंडतोय. फोटो पाठवतो.

गेजचा घोळ मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, तू इंजिनिअर आहेस, तुलाच कळेल. बार्शी लाइटचा गेज ७६२ मिमी. भागिले ८७, पावणेनऊ. आणि बाजारात ९ मिमीचा रूळ तयार मिळतो, एन गेज म्हणतात त्या आणखी छोट्या मॉडेलांचा. म्हणजे नॅरोगेज जवळजवळ परफेक्ट बसला. आता शेजारची जीआयपीची ब्रॉडगेज, आपली १६७६ मिमी, भागिले ८७ म्हणजे सव्वाएकोणीस. आणि बाजारात एचओचा रूळ मिळतो साडेसोळा मिमीचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या गेजसाठी केलेला! म्हणजे आपली भारतीय ब्रॉडगेज तयार रुळावर ठेवली की ती चिमटल्यासारखी दिसते, आणि नॅरोगेजच्या शेजारी ठेवली की दोघांतला फरकच मरतो. कुर्डुवाडी म्हणजे तो फरक. तोच गेला तर राहिलं काय?

मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवरचे लोक म्हणाले चालतं रे, कुणाला कळतंय. मला कळतंय ना! शेवटी उपाय सुचला तो मला फार आवडलाय. ब्रॉडगेज चालवायचीच कशाला? मालधक्क्याला लागलेली वाघीण, म्हणजे ब्रॉडगेजचा मालडबा, काही पळत नाही, ती उभीच असते, पोती भरून होईपर्यंत. म्हणून ब्रॉडगेजचा रूळ मी हातानं टाकतोय, लाकडाच्या पट्ट्यांचे स्लीपर आणि त्यावर सव्वाएकोणीसच्या मापानं चिकटवलेले रूळ, वीज नाही, मोटर नाही, जीआयपीच्या तीन-चार वाघिणी त्यावर कायमच्या उभ्या. हलणारी फक्त बार्शी लाइट. म्हणजे आमच्या घरात मेन लाइन बाजूला उभी राहून वाट बघते आणि पळते ती बार्शीची गाडी. आपल्या गावाच्या हिशोबानं हेच बरोबर आहे की नाही सांग.

इंजिन अजून अर्धवट आहे. नऊ इंची कर्व्हवर एका रांगेत आठ चाकं वळायला मागत नाहीत, मग मधल्या चाकांची कड काढून टाकायची, ती नुसती रुळावर घरंगळतात, पुढची-मागची वळवतात. मोटर बोटाच्या पेरापेक्षा बारीक, परदेशातून मागवावी लागते, कस्टम्समध्ये अडकलेलं पार्सल सुटेपर्यंत माणूस दुसरा छंद शोधेल. आणि चिडायची गोष्ट ऐक, कॅलथ्रॉपनं बार्शीवरून शिकून इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला तशीच एक लाइन काढली, लीक अँड मॅनिफोल्ड, १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद, लांबी आठ मैल आणि वर थोडी. तिची इंजिनं पण किटसनचीच, पुढं हा भला मोठा हेडलाइट, जणू माढ्याच्या रानातनं रात्रीची जायचीये. त्या आठ मैलांवर पुस्तकं, किट, मॉडेलं, सगळं आहे. आणि आपली थोरली, मिरजेपासून लातूरपर्यंत २०० मैलांच्या वर पसरलेली, तिचं बाजारात काही मिळत नाही, सगळं स्वतः करा. ती किट आणून थोडी फिरवून वापरता आली असती पण ती १:७६ ची, माझ्या डब्यांपुढं दांडगी दिसतील. जाऊ दे.

कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे बघ, १९९८ पासूनचं, भाचीला घेऊन गेलो होतो. सगळं एचओ, चकाचक, सिग्नल आपोआप पडतायत, उड्डाणपूल, फ्युनिक्युलर, पोरगी वेडी झाली. मी पण झालो. पण तिथनं निघताना मला एवढं पक्कं झालं की माझ्याकडं हिरवळ नको, डोंगर नको, बोगदा तर अजिबात नको. कुर्डुवाडीत काय आहे? सपाट माळ, बाभळी, धूळ आणि ज्वारी. तेवढंच करायचं, पण नीट.

माती खरी घेतलीये, बाजारातली रंगीत पावडर नाही. काळी माती उन्हात वाळवली, खलबत्त्यात कुटली, तव्यावर भाजली (किडे नकोत, आणि हो, तवा जुना होता, बायकोला विचारून), मग मैद्याच्या चाळणीतून आणि शेवटी मलमलच्या कापडातून गाळली. कापडातून खाली जे पडतं तेवढंच १:८७ मध्ये माती दिसतं, चाळणीतलं ढेकळं दिसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यावरून लोहचुंबक फिरवायचा. आपली माती बेसाल्टची, तिच्यात लोहाचे बारीक काळे कण असतात, चुंबक कागदात गुंडाळून फिरवला की कागदाखाली काळं मखमल उभं राहतं. ते राहिलं तर गाडीच्या मोटरमधल्या मॅग्नेटला जाऊन चिकटतं आणि मोटर गेली. मग पातळ फेविकॉलचं पाणी ड्रॉपरनं सोडायचं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, नाहीतर पाणी मातीवर गोळा होऊन बसतं. वाळल्यावर रंग जरा गडद होतो, वरून कोरडी माती पुन्हा भुरभुरवायची.

रुळांचं पण तसंच, बाजारातला रूळ उंच, १:८७ मध्ये तो राजधानी चालवायच्या लायकीचा दिसतो, बार्शी लाइटचा खरा रूळ दर यार्ड लांबीला ३०-३५ पौंड वजनाचा, किडकिडीत. म्हणून मातीत निम्मा पुरतोय. धुळीत गेलेला रूळ आपल्याकडं कुणाला खोटा वाटणार नाही.

ज्वारी काथ्याच्या पायपुसण्याची. एकेक झुपका उपटून, पिवळट रंगवून, टोकाला फेविकॉल लावून बारीक रव्यात बुडवायचा, झालं कणीस. उंची ३ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे खरी पुरुषभर वर जाणारी शाळू. हे काम आई करते! ८३ वर्षांची, चष्मा लावून, आणि वर मला ऐकवते, "एवढी दाट नसते रे, पाभरीच्या ओळी दिसल्या पाहिजेत." सगळी उपटून ओळीत लावली. कडब्याची गंज पण तिनंच रचली.

माणसं हा मोठा घोळ. एचओचे पुतळे मिळतात ते सगळे सूटबुटातले, हॅट घातलेले जर्मन. हॅट कापून पुट्टीचा फेटा गुंडाळायचा, पॅंटवर टिश्यूपेपर फेविकॉलात भिजवून धोतर. नऊवारी अजून जमत नाहीये, कासोटा येतच नाही, बाई स्कर्टमध्ये दिसते.

आणि सगळ्यात जास्त माणसं कुठं लावणारे माहितीये? प्लॅटफॉर्मवर नाही. दोन गेजांच्या मधल्या धक्क्यावर. कारण कॅलथ्रॉपनं सगळं सोडवलं पण एक गोष्ट कुणालाच सुटली नाही, लातूरचं पोतं बार्शी लाइटमधनं कुर्डुवाडीला आलं की तिथं उतरवून माणसाच्या पाठीवरनं ब्रॉडगेजच्या वाघिणीत टाकावंच लागायचं. प्रत्येक पोतं. २००८ ला लातूरपर्यंत ब्रॉडगेज पुरी झाली, धाराशिवला पण त्यातच गाडी मिळाली, लोक सुखी झाले, आणि मला त्यात रडण्यासारखं काही वाटत नाही. पण गाडीचं कौतुक करायचं, साहेबाचं करायचं, आणि ती पोती ज्यांनी वाहिली ती माणसं मॉडेलमध्ये नुसती शोभेला इकडंतिकडं पेरायची, हे मला नाही पटत.

म्हणून आता तुझं काम. तुझे आजोबा धक्क्यावर मुकादम होते, आणि अण्णांनी लहानपणी ते सगळं जवळनं बघितलंय. त्यांच्याजवळ निवांत बस आणि एवढं विचारून ठेव. पोतं पाठीवर घ्यायचे का डोक्यावर, पोतं ओढायचा लोखंडी आकडा कुठल्या हातात, दोन वाघिणींमधे फळी टाकायचे तर ती केवढी रुंद, एकाच वेळी किती जण फळीवर असायचे, येणारे आणि जाणारे एकमेकांना कसे चुकवायचे. कापसाच्या गाठी दोघं न्यायचे का चौघं? मुकादम कुठं उभा राहायचा आणि मोजणी कशानं ठेवायचा, खडूनं, कवड्यांनी, का नुसती तोंडी? अण्णांना कंटाळा आला तर बंद कर, पण रेकॉर्डिंग लाव, तुझ्या सांगण्यावर माझा विश्वास नाही, तू मधलं गाळतोस.

आणि जुन्या यार्डाच्या बाजूची एक डबाभर माती पाठव. माझी आहे ती हडपसरच्या पलीकडची, रंग जरा तांबूस मारतो, आईनं लगेच ओळखलं. चाळू नकोस, ते मी बघतो, फक्त डब्याचं झाकण नीट चिकटवून दे, मागच्या वेळी तू पाठवलेल्या शेंगाचटणीनं कुरिअरवाल्याची सगळी पिशवी तेलकट झाली होती.

दिवाळीत येतोयस का ते कळव. इंजिन तोवर चालेल असं वाटतंय, नाहीच चाललं तर तू ढकल, तसाही तू हसायलाच येणार आहेस. अण्णांना आणि काकूंना नमस्कार, वहिनींना विचारलंय म्हणून सांग.

तुझाच,
बंड्या

ता. क. नऊवारीच्या कासोट्यासाठी वहिनींना काही सुचतंय का विचार, टिश्यूपेपर चालत नाहीये.