क्षयरुग्णाचे वजन, ऊसतोडीचा हंगाम आणि दोन किलोंचा हिशेब

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर क्षयमुक्त ग्रामपंचायतींच्या सत्काराची छायाचित्रे अधूनमधून येतात आणि ती पाहून माझ्यासारख्या निवृत्त माणसाला बरे वाटते. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मी तीस वर्षे आरोग्यसेवक होतो. त्यातील बराच काळ क्षयरुग्णांच्या घरी गोळ्या पोचवण्यात आणि बेडक्याच्या डब्या तपासणीला नेण्यात गेला. आपल्याकडे क्षयाच्या औषधांचा पुरवठा खंडित झाला की बातमी होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु उपकेंद्रातील वजनकाटा बिघडला तर कोणी विचारत नाही, आणि रुग्णाच्या घरातील डाळीच्या डब्यापर्यंत तर कोणाची नजरच जात नाही. अलीकडे वाचलेल्या एका संशोधनामुळे या दोन वस्तूंविषयी जाहीरपणे लिहावे असे वाटले.

हे संशोधन झारखंडमधील चार जिल्ह्यांत झाले. ‘रेशन्स’ या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केला, कोविडच्या टाळेबंदीतही चालू ठेवला, आणि त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ व ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. फुप्फुसाच्या क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे त्यात सहभागी होती. सर्व रुग्णांना सहा महिने दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या असा शिधा देण्यात आला, ज्यातून दिवसाला सुमारे १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने अधिक मिळावीत. फरक होता तो घरच्या माणसांत. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने निवडलेल्या निम्म्या भागांत घरातील प्रत्येक मोठ्या माणसामागे दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे देण्यात आली, लहान मुलांना धान्य व डाळ त्याच्या निम्मी; उरलेल्या भागांत घरच्यांना काही दिले नाही. पुढे सुमारे दोन वर्षे या सर्वांवर लक्ष ठेवले, तेव्हा शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले, आणि ज्याचे निदान प्रयोगशाळेत पक्के झाले आहे अशा फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण तर ४८ टक्क्यांनी कमी निघाले. संशोधकांच्या हिशेबाने अशा सुमारे ३० घरांना शिधा दिला की एक नवा रुग्ण टळतो. कोणतेही नवे औषध किंवा नवी लस न देता हे साधले.

याच अभ्यासाचा दुसरा भाग मला अधिक अस्वस्थ करून गेला. उपचार सुरू करताना या रुग्णांपैकी पाचांतले चार कुपोषित होते. पुरुषांचे सरासरी वजन ४२.६ किलो आणि स्त्रियांचे ३६.१ किलो भरले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन एक टक्क्याने वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसला आणि ज्यांचे पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात ६१ टक्क्यांनी. येथे सावधपणे बोलले पाहिजे. सर्वच रुग्णांना शिधा मिळत असल्यामुळे शिधा न मिळालेल्या रुग्णांशी तुलना करण्याची सोय या अभ्यासात नव्हती, आणि ज्याचा आजार मुळात कमी त्याचे वजनही लवकर वाढते हे कोणीही मान्य करील. तेव्हा वजनानेच जीव वाचवला असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण वजन वाढत नाही ही धोक्याची खूण आहे आणि ती पहिल्या आठ आठवड्यांतच दिसते, एवढे निश्चित म्हणता येते. चाळीस किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे दोन किलो.

हे दोन किलो वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या उपकेंद्रातील काटा आला. उभे राहायचा, गोल तबकडीचा, स्प्रिंगचा तो काटा होता. त्यावर कोणी उभे नसताना त्याची सुई कधी शून्यावर, कधी दोनावर, तर कधी मध्येच थांबत असे. ती कायम दोनावर थांबली असती तर निदान दोन महिन्यांतील फरक तरी खरा निघाला असता. काटा बदलून मिळावा म्हणून मी दोनदा लेखी मागणी केली, आणि तो येत नाही म्हटल्यावर अनेकांनी केले तेच मीही केले. उपचार कार्डावर दरमहा वजनाचा रकाना असतो, त्यात मागील महिन्याचा आकडा पुढे उतरवू लागलो. वरिष्ठांच्या तपासणीत रकाना भरलेला असला की पुरे होई. वजनगटाप्रमाणे रोजच्या गोळ्या ठरतात, म्हणजे २५ ते ३४ किलोला दोन आणि ३५ ते ४९ किलोला तीन, हे मला प्रशिक्षणात शिकवलेले होते. तरीही मी ते केले. या पत्रात इतरांविषयी काही म्हणण्याआधी हे सांगणे मला आवश्यक वाटते.

आमच्या मनात वजन आणि आहार दुय्यम का ठरला, याचा मागोवा घेता आपण १९५६ च्या मद्रासपर्यंत जाऊन पोचतो. क्षयरुग्णाला आरोग्यधामात ठेवूनच बरे करावे लागते, की घरी ठेवून औषधांवर तो बरा होतो, हे पाहण्यासाठी तेथे एक प्रसिद्ध अभ्यास झाला आणि १९५९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आरोग्यधामातील रुग्णांना विश्रांती, हवा आणि चांगले जेवण होते; घरी राहिलेल्या रुग्णांना दाटीवाटीची खोली आणि जेमतेम अन्न होते; आणि तरीही दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले. त्या निष्कर्षाने जगभर आरोग्यधामे बंद होऊन घरपोच उपचार सुरू झाले आणि त्यामुळे गरिबांचे कल्याणच झाले, यात शंका नाही. पण त्याच्या पाठोपाठ ‘गोळ्या वेळेवर घेतल्या की झाले, खाण्याचे फारसे महत्त्व नाही’ अशी एक समजूतही खालपर्यंत झिरपली. मद्रासच्या अभ्यासाने घर की आरोग्यधाम एवढेच विचारले होते. डाळ असलेले घर आणि डाळ नसलेले घर यांची तुलना त्याने केलीच नव्हती, आणि ती होण्यास पुढची साठ वर्षे जावी लागली.

आता आपल्या भागाकडे येतो. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि दसरा-दिवाळीला गाव सोडून पाडव्याच्या सुमारास परतणाऱ्या ऊसतोड कुटुंबाचा हंगामही जवळपास तेवढाच असतो. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी पाहिलेले एक उदाहरण देतो. तिशीतील एका बाईच्या गोळ्या दसऱ्याच्या आधी सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालयात तिचे वजन ३६ किलो भरले आणि आमच्या काट्यावर ३४. म्हणजे रोज तीन गोळ्या द्यायच्या की दोन, हे कोणता काटा खरा मानायचा यावर ठरणार होते. मी तीनच चालू ठेवल्या. पंधरा दिवसांनी ट्रक आला. नवऱ्याने मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाईला मागे ठेवावे तर उचल दोघांची आणि काम एकट्याचे. मी महिन्याच्या गोळ्या पिशवीत बांधून दिल्या आणि पुढच्या गोळ्या कारखान्याच्या जवळच्या आरोग्य केंद्रातून घ्यायला सांगितले. नोंदणीचा निक्षय क्रमांक देशात कोठेही चालतो, त्यामुळे गोळ्या तिला मिळाल्याही. पहाटे चारला फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, आजारपणाचा खाडा पडला की पैसे कापले जायचे, आणि रात्री पाचटाच्या बुटक्या कोपीत चुलीच्या धुरात पाच जणांनी दाटीने झोपायचे, असे ते पाच महिने गेले. जेवण बहुतेक दिवशी भाकरी आणि ठेचा. पाडव्याला ती परतली तेव्हा गोळ्यांचे डोस पूर्ण होते, कार्डावरचे वजन सुरुवातीला लिहिलेलेच होते, आणि तिची बारा वर्षांची मुलगी खोकत होती. मुलीच्या गोळ्या त्याच उन्हाळ्यात सुरू झाल्या.

शासनाने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. दात्यांनी रुग्णांना दत्तक घेण्याच्या ‘निक्षय मित्र’ उपक्रमातील शिध्याच्या टोपलीत रुग्णाच्या घरच्या माणसांनाही धरण्याचा निर्णय त्याच सुमारास झाला. निर्णय योग्य दिशेचे आहेत. माझी शंका रोख रकमेविषयी आहे. झारखंडमध्ये जे मोजले गेले ते घरात पोचलेले धान्य आणि डाळ होती. खात्यावर जमा झालेल्या पैशाचा परिणाम त्या अभ्यासाने तपासलेला नाही. पासबुक गावी, बाई फडात आणि घरात आधीच उचलीचे ओझे अशा स्थितीत हजार रुपयांची डाळ होईल याची खात्री कोण देणार? शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांचे धान्य बंद करून २०२३ पासून माणशी दरमहा १५० रुपये देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्या पैशांत बाजारात किती धान्य येते हे मराठवाड्यातील गृहिणींनी चांगलेच अनुभवले आहे. शिवाय अन्नसुरक्षा योजनेत माणशी ५ किलो धान्य मिळते, पण डाळ मिळत नाही; झारखंडच्या शिध्यात नेमकी तीच होती. ज्या लातूरच्या दालमिलमधून तूरडाळ देशभर जाते, तेथून शंभर किलोमीटरच्या आतल्या वाडीत क्षयरुग्णाच्या ताटात वरण नसावे, ही गोष्ट पुरवठ्याच्या अडचणीने समजावून सांगता येण्यासारखी नाही.

तमिळनाडूने एप्रिल २०२२ पासून राज्यभर राबवलेली पद्धतही आपल्याकडे सहज घेता येईल. तेथे निदान होताच कर्मचारी प्रयोगशाळेची वाट न पाहता उंचीच्या मानाने वजन किती कमी आहे, पायांवर सूज आहे का, श्वासाची गती किती, रक्तातील ऑक्सिजन किती आणि रुग्ण आधाराशिवाय उभा राहू शकतो का, एवढेच पाहतो आणि गंभीर वाटणाऱ्याला लगेच रुग्णालयात दाखल करण्याची व्यवस्था करतो. यासाठी लागणारे ऑक्सिमीटर कोविडच्या काळात आपल्या गावोगावच्या पथकांकडे आले होतेच. हीच तपासणी ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक रुग्णाची ट्रक सुटण्याआधी व्हावी, आणि जो त्यात गंभीर ठरेल त्याला त्या हंगामापुरते थांबता यावे म्हणून त्याच्या उचलीचा प्रश्न शासनाने मुकादम व कारखान्याशी बोलून सोडवावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ याच लोकांसाठी स्थापन झाले आहे; आजारी कामगाराच्या हंगामाची भरपाई हा त्याच्या कामाचा भाग का होऊ नये? जे जातील त्यांच्यासाठी कारखान्याच्या हद्दीतील आरोग्य केंद्राने दरमहा कोप्यांवर जाऊन वजन करावे, आणि वजन वाढत नसेल तर तो आकडा गावाकडच्या कर्मचाऱ्यालाही कळवावा. आकडा खरा असावा, हे मी पुन्हा सांगतो.

मागील आठवड्यात मी माझ्या जुन्या उपकेंद्रात जाऊन आलो. आता तेथे डिजिटल काटा आहे, मात्र त्यात सेल नव्हते. ते आणून घातल्यावर तो चालू झाला. आशाताईंच्या वहीप्रमाणे परिसरातील तीन वाड्यांत सध्या गोळ्या चालू असलेले सात रुग्ण आहेत आणि त्यांना वगळून त्यांच्या घरांत तेहेतीस माणसे आहेत. झारखंडमधील मोठ्या माणसाच्या प्रमाणाने सरसकट माणशी दीड किलो धरले तर या तेहेतीस जणांना महिन्याला साडेएकोणपन्नास किलो, म्हणजे जेमतेम एक पोते तूरडाळ लागेल. सातपैकी पाच घरांनी यंदाची उचल घेतली आहे आणि दसऱ्यानंतर त्यांचे ट्रक सुटतील.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेवक
जि. बीड
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)