दहा फेऱ्या एका मापाच्या

उद्यमनगर, कोल्हापूर
२ मार्च

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

‘पोरगं अजून मातीत लोळतंय का?’ हा तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न वाचून घरात सगळे हसले. ज्याच्याविषयी तो होता तो माझा मुलगा मात्र हसला नाही. लोळणे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले आहे असे काकांना कळवा, एवढेच तो गंभीरपणे म्हणाला. त्याच्या वतीने ते कळवतो, आणि तुझ्याकडे एक मागणे मागायचे असल्यामुळे मधल्या दोन वर्षांची हकीकतही सविस्तर लिहितो.

तू त्याला पाहिलेस तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणाऱ्या मोटारसायकल शर्यतीच्या, ६५ सीसीच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीवर माझ्या मेहुण्याच्या माळावर उड्या मारत होता. आता तो चौदाचा आहे आणि गाडी ८५ सीसीची आहे, अर्थात तीही जुनीच, कारण परदेशातून येणाऱ्या नव्या गाडीवर आयात कर इतका बसतो की किंमत ऐकून मी तो विषयच बंद केला. या गाडीला दिवा नाही, नंबर नाही, ती रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून दर रविवारी पहाटे ती टेम्पोत बांधून पन्हाळ्याच्या बाजूच्या त्या माळावर न्यावी लागते. फूटपेग, स्टँड, ब्रेकच्या पेडलाचा बुश असे जे काही आपल्या लेथवर होण्यासारखे आहे ते मी करून देतो. एअर फिल्टर धुण्याचे काम मात्र त्याचे. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याने आळस करून धुळीने भरलेला फिल्टर तसाच ठेवला, तांबडी माती आत गेली आणि सिलिंडरला चरे पडले. त्या दुरुस्तीचा खर्च मी त्याच्या वाढदिवसाच्या पैशांतून वळता करून घेतला. त्याची आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तेव्हापासून प्रत्येक सरावानंतर फिल्टर धुऊन, तेलात भिजवून, पिळून वाळत टाकलेला असतो.

तो पडल्याचे तुझ्या कानावर आले असेलच. दोन टेकाडे आणि मध्ये खड्डा, अशी जी उडी असते तिला ही मुले डबल म्हणतात. पहिल्या टेकाडाच्या चढावर, अगदी माथ्याजवळ, त्याला भीती वाटली आणि त्याने थ्रॉटल, म्हणजे वेग देणारी मूठ, मिटला. चढावर थ्रॉटल मिटला की गाडीचे नाक खाली जाते आणि उडी तोकडी पडते; पलीकडच्या उताराऐवजी दुसऱ्या टेकाडाच्या कडेवर तो आदळला आणि हँडलवरून पुढे फेकला गेला. छातीचे कवच आणि मानेचे पट्टे होते म्हणून प्रकरण गळ्याच्या हाडावर निभावले. सहा आठवडे हात झोळीत होता. त्या काळात त्याने मला जे समजावून सांगितले ते ऐकून यंत्रावर आयुष्य घालवलेला मीही चकित झालो: गाडी हवेत असताना नाक फार वर गेले तर मागच्या ब्रेकला हलकासा पाय लावायचा, कारण मागचे फिरते चाक थांबले की त्याची गती सगळ्या गाडीला पुढे झुकवते, नाक खाली गेले तर थ्रॉटल उघडायचा, म्हणजे चाक जोरात फिरते आणि उलट धक्क्याने नाक वर येते. जमिनीचा आधार नसताना केवळ एका चाकाच्या फिरण्यावर अख्खी गाडी तोलली जाते! हे सगळे त्याला पडण्यापूर्वी तोंडपाठ होते, असे तो म्हणतो. हाताला मात्र ते नंतर कळले.

पुन्हा गाडीवर बसल्यावर मी अट घातली, की दोन महिने फक्त टेबलटॉप मारायचा. त्यात दोन टेकाडांमधली जागा भरून सपाट केलेली असते, त्यामुळे उडी तोकडी पडली तरी गाडी सपाटीवर उतरते. त्याने ती अट पाळली, आणि खरी प्रगती त्याच दोन महिन्यांत झाली असे माझे मत आहे. पूर्वी मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचो तेव्हा एक फेरी बावन्न सेकंदांची, पुढची एकोणसाठची, तिसरीत साहेब जमिनीवर, असा प्रकार असे. आणि घरी येताना चर्चा फक्त त्या बावन्न सेकंदांची. आता त्याच ट्रॅकवर तो लागोपाठ दहा फेऱ्या मारतो आणि सगळ्या त्रेपन्न ते चोपन्न सेकंदांच्या आत येतात. तुला ठाऊकच आहे, आपल्या धंद्यात एक जॉब, म्हणजे लेथवरचा एक नग, मापात काढणारा कोणीही भेटतो. शंभरावा जॉबही पहिल्याच्याच मापाचा काढील त्याला आपण कारागीर म्हणतो. त्याच्या चषकांपेक्षा माझ्या वहीतले हे आकडे मला जास्त पटतात.

चषक तसे दोनच आहेत. जानेवारीत पुण्याच्या स्पर्धेत तो पाचवा आला. शर्यत सुरू करणारे गेट पडले तेव्हा क्लच सोडायला त्याने क्षणभर उशीर केला आणि पहिल्या वळणावर सगळ्यांची धूळ खात तो शेवटून तिसरा होता. तिथून पाचवा आला. मधे एक मुलगा पडल्यामुळे पिवळे निशाण दाखवले गेले, तेव्हा नियमाप्रमाणे याने उडी न मारता गाडी टेकाडावरून सावकाश नेली, तर मागच्याने सरळ उडी मारून याला मागे टाकले. मी तक्रार करायला निघालो होतो. ‘बाबा, पडलेला माझ्या डोळ्यांसमोर होता, त्याच्या नसेल,’ असे म्हणून त्याने मला थांबवले.

आता अडचणीचे लिहितो. आपल्याकडे होतात त्या बहुतेक स्पर्धा सुपरक्रॉसच्या, म्हणजे मैदानावर माती आणून केलेल्या आखूड ट्रॅकच्या. त्याच्या गटाची शर्यत दहा मिनिटांत संपते. जागतिक मोटोक्रॉसमध्ये तीस मिनिटे अधिक दोन फेऱ्या, आणि अशा शर्यती एका दिवसात दोन. याचे हात बाराव्या मिनिटाला दगडासारखे होतात, बोटे ब्रेकवर वळत नाहीत. यावर उपाय आमच्या पेठेतल्या तालमीच्या वस्तादांनी सांगितला. त्यांनी त्याला नुसते गाडीवर उभे राहताना पाहिले आणि म्हणाले, ‘हातानं कशाला लोंबकळतोस? मांडीनं धर की!’ मोटोक्रॉसचे प्रशिक्षकही हेच सांगतात म्हणे. तेव्हापासून रोज पहाटे बैठका चालू आहेत, आणि बाराचे सोळा मिनिटांवर आले आहे.

त्याला एमएक्स२ गाठायचे आहे. हा २५० सीसीचा जागतिक गट. त्यात तेवीस वर्षांनंतर भाग घेता येत नाही, म्हणजे त्याच्या हातात नऊ वर्षे आहेत हा हिशोब त्यानेच मांडला. युरोपातली मुले पाच-सहा वर्षांची असताना ५० सीसीवर बसतात आणि ६५, ८५, १२५ सीसीच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेपर्यंत जातात, हा दुसरा हिशोब मी मांडला. तो गप्प बसला, पण पटल्यासारखा दिसला नाही. बेंगळुरूचे सी. एस. संतोष याच मातीतून पुढे रॅलीकडे, म्हणजे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे, वळले आणि २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. केरळचे हरिथ नोआ सुपरक्रॉसचे राष्ट्रीय विजेते, त्यांनी २०२४ च्या डकारमध्ये मोटारसायकलींचा रॅली २ हा गट जिंकला. मला ती वाट जास्त शक्यतेतली वाटते. तो म्हणतो, वाळवंट कुठे पळून जात नाही, तेवीस वर्षे पळून जातात.

खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते, त्याची आठवण परवा एका पाहुण्यांनी मला करून दिली. आमच्या घरावर नव्या लेथचे कर्ज आधीच आहे, असे हिने त्यांना चहा देता देता सांगितले.

तेव्हा मागणे एवढेच. मे महिन्यात तीन आठवडे त्याला तुझ्याकडे बेंगळुरूला ठेवून घेशील का? संतोष यांनी कोलारजवळ बिगरॉक हा ट्रॅक उभारला आहे. तिथे किंवा आसपास दुसरीकडे त्याला मोठ्या ट्रॅकवर, त्याच्यापेक्षा वेगवान मुलांच्या मागे चालवायला मिळावे अशी माझी इच्छा आहे. माळावर तो एकटाच पहिला असतो आणि एकटाच शेवटचा. वहिनींना आधी विचार, कारण कपड्यांना जी माती लागते ती एका धुण्यात निघत नाही. तो मिरजेहून रेल्वेने येईल. गाडी पार्सलने पाठवीन. पण टाकी रिकामी केल्याशिवाय ते ती घेत नाहीत, म्हणून पेट्रोल आणि त्यात मिसळायच्या तेलाची सोय तुला करावी लागेल. प्रमाण त्यालाच विचार. तुझ्या जुन्या लुनाच्या अंदाजाने ओतू नकोस.

तुझा,
एकाच बाकावरचा मित्र