पोकलेन ट्रेलरवर नेताना चेन बांधण्याबाबत सूचना

सर्व मालक, ऑपरेटर आणि ट्रेलरचालक सभासदांना नमस्कार.

पावसाळा संपला की साइट बदलण्याची घाई सुरू होते आणि मशीन निव्वळ वजनाच्या भरवशावर नेलं जातं. "एवढं धूड कुठं हलतंय" हा समज कृपया सोडा. जोरात ब्रेक लागल्यावर लोड पुढे ढकलला जातो तो वजनाच्या ०.८ पट जोराने, असं युरोपीय मानकात धरतात. म्हणजे २० टनी पोकलेनला १६ टन, आणि तोही थेट ड्रायव्हरच्या केबिनकडे. मशीनचा लोखंडी ट्रॅक (चाकांऐवजीचा पट्टा) ट्रेलरच्या लोखंडी पाट्यावर सहज घसरतो, मध्ये चिखल असेल तर विचारूच नका. म्हणून चढवण्याआधी दोन्ही साफ करा.

चारही कोपऱ्यांना स्वतंत्र चेन, दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे. हुक मशीनच्या फ्रेमवर ठरवून दिलेल्या जागीच अडकवा. होजपाइप किंवा सिलिंडरला कधीच नाही. बूम (मशीनचा मोठा हात) खाली, बकेट पाट्यावर टेकलेली, स्विंग लॉक (मशीनचा वरचा भाग फिरू न देणारा लॉक) लावलेला, आणि बकेटला वेगळी चेन. पिळलेली किंवा चिरलेली कडी दिसली तर ती चेन बाद. नायलॉनचा दोर चालणार नाही.

निघाल्यावर १५-२० किलोमीटरवर थांबून चेन पुन्हा आवळा, कारण सुरुवातीच्या हादऱ्यांनी त्या सैल पडतात. कसारा किंवा खंबाटकी चढण्याआधीही बघा. लोड केल्यावरची उंची टेपने मोजून ड्रायव्हरला लिहून द्या.

चेन कमी असतील तर गटावर कळवा, दुसऱ्या सभासदाकडून मिळतील. तोवर मशीन साइटवरच राहू द्या.