खंड्याला कर्जतला पाठवायचं की नाही

पक्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, अर्ध्याच्या वर तर मागे तुझं कुत्रं, खंड्याच बोलतोय त्यामुळे काही शब्द अंदाजाने घेतलेत. कर्जतकडचं कुत्र्यांच्या ट्रेनिंगचं फार्महाउस, दीड महिना त्याला तिथेच ठेवायचं, ४० हजार रुपये, आणि परत येईल तो "एकदम डिसिप्लिन्ड". बरोबर ना? तर माझं मत आधीच सांगून टाकतो कारण तुला लांबण लावलेलं आवडत नाही, आत्ता पाठवू नकोस. पैशांमुळे नाही म्हणत, ते तुझं तू बघ.

तू जे एका दमात सांगितलंस ना ते एक दुखणं नाहीये, तीन आहेत. लीश (गळ्यातला पट्टा) ओढणं आणि डिलिव्हरीवाल्याच्या अंगावर उड्या मारणं हे एक. तू आणि वहिनी ऑफिसला गेलात की दार खरवडणं, रडणं हे दुसरं. आणि जेवताना कोणी जवळ गेलं की गुरगुरणं. पहिल्यासाठी असं राहून ट्रेनिंग चालतं, खरंच चालतं. आमच्या ताईचा लॅब (लॅब्रॅडॉर) आठवतो ना, नुसता माजलेला, ताईचा खांदा निखळायची वेळ आली होती, तो असाच महिनाभर राहून आला आणि आता बेल्ट ढिला सोडून मस्त चालतो. पण एक तर तो लॅब म्हणजे कोणाकडेही जाऊन राहील, घरात चोर शिरला तर त्याला बॉल आणून देईल. आणि दुसरं म्हणजे तिथल्या ट्रेनरने दर रविवारी ताई आणि भावजींना बोलावून पट्टा त्यांच्या हातात देऊन त्यांनाच चालवलं, कुत्र्याला सोडल्यानंतर पण तो ट्रेनर घरी आला, सोसायटीच्या गेटवर वॉचमनसमोर प्रॅक्टिस घेतली. माझ्या मते पैसे वसूल झाले ते त्यातच. कारण कुत्रं जे शिकतं ते जागा आणि माणूस दोन्ही धरून शिकतं, फार्महाउसच्या लॉनवर "बस" म्हटलं की बसणारं कुत्रं तुझ्या लिफ्टसमोर बसेलच असं नाही, तिथे त्याला परत पहिल्यापासून शिकवावं लागतं आणि ते तुलाच करावं लागणार.

आता दाराचं. तो शिस्त नाही म्हणून खरवडत नाहीये रे, तो घाबरतोय. दोन घरांनी परत दिलेलं कुत्रं ते, त्याला वाटणारच की हे पण गेले. आणि कर्जतला तर तुम्ही दोघं नसणारच, मग तुमच्या जाण्याची भीती तिथे घालवणार कशी? तिथे तो कदाचित गपगार झोपेल पण, व्हिडिओ छान येतील, आणि घरी आल्यावर सोमवारी तुम्ही बूट घातलेत की परत तेच, नाहीतर जास्तच. हे काम घरातच करायचं असतं आणि भयंकर कंटाळवाणं असतं, म्हणजे बूट घालायचे, किल्ली वाजवायची आणि परत सोफ्यावर येऊन बसायचं, त्याला काही वाटेनासं झालं की दार उघडून बंद करायचं, मग काही सेकंद बाहेर, मग मिनिटभर. तो कावराबावरा व्हायच्या आत परत यायचं, ही त्यातली मेख. जुना मोबाइल लावून रेकॉर्ड कर, धापा टाकतो का, लाळ गळते का, दाराशी येरझाऱ्या घालतो का ते दिसेल. आणि हे चालू असताना त्याला दिवसभर एकटं टाकायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. काकू दिवाळीपर्यंत ठाण्याला तुमच्याकडेच आहेत म्हणालास ना, मग यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही.

गुरगुरण्याचं मला जास्त टेन्शन आहे, त्याचं नाही, तिथले लोक त्यावर काय करतील त्याचं. आमच्या मागच्या बिल्डिंगमधलं एक इंडी (आपलं देशी कुत्रं) असंच गुरगुरतं म्हणून कुठेतरी पाठवलं होतं (नाव लिहीत नाही), आलं तेव्हा सगळे खूश, काय शांत झालाय म्हणे. मी खाली भेटलो तर मानेवर दोन ठिकाणी केस गेलेले, शॉकवाल्या पट्ट्याचे, आणि हात वर केला की डोळे मिटून जमिनीला चिकटायचं. ही शांती नाही. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग केले होते, जे शॉक टाळताच येत नाहीत ते सोसल्यावर बरीचशी कुत्री पुढे सुटायची वाट मोकळी असून पण जागची हलायची नाहीत, सोसत राहायची. बाहेरून बघणाऱ्याला ते "शहाणं झालं" असंच वाटेल. वेल्समध्ये तर असल्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, आपल्याकडे मात्र ट्रेनर व्हायला साधं लायसन्स लागत नाही, उद्या तू पण बोर्ड लावू शकतोस.

आणि गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की लांब राहा. ते मार देऊन बंद केलं की सांगणं बंद होतं, चावणं नाही, मग न सांगता चावतो. म्हणून आधी व्हेटकडे नेऊन दात आणि कान दाखव, दुखत असलं तरी असं करतात. घरी काकूंना सांग, ताटली ओढून "बघू मला देतो का" हा खेळ आजपासून बंद. उलट लांबून जाता जाता चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा आणि चालू पडायचं, ताटलीला हात लावायचा नाही. माणूस आला की काहीतरी चांगलं मिळतं हे त्याच्या डोक्यात बसू दे.

तरी वहिनींना ते फार्महाउस बघायचंच असेल तर जा, पण न कळवता जा, आणि कुत्री रात्री कुठे झोपतात ते बघ, नुसतं लॉन बघून येऊ नकोस. एका माणसामागे किती कुत्री आहेत विचार. चुकल्यावर नक्की काय करता हे विचार आणि उत्तर गोल गोल आलं तर चहा न पिता निघ. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणाले तरी निघ. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गाच्या खोकल्याची) लस मागतात का हे पण बघ, इतकी कुत्री एकत्र ठेवून जो लशीचं कार्ड बघत नाही त्याला बाकी कशाचंच पडलेलं नसणार. गोचिडांचं औषध पण विचार, कर्जतला गवतात काय कमी आहेत का.

माझं ऐकशील तर त्याच पैशात आठवड्यातून दोनदा घरी येणारा ट्रेनर बघ, ट्रीट देऊन शिकवणारा, आणि शिकताना तू, वहिनी, काकू तिघं हजर. तुझ्याकडे "खाली", वहिनींचं "डाउन" आणि काकूंचं "उतर रे मेल्या", त्या बिचाऱ्याने कोणाचं ऐकायचं? लीशचं तर तेवढ्यात सुटेल. पुढे वर्षभराने तो एकटा राहायला लागला आणि तेव्हा तुम्हाला हवं असेल तर कर्जतचा विचार कर, मी तेव्हा नाही म्हणणार नाही.

त्या माणसाला अॅडव्हान्स दिला नाहीस ना अजून? दिला असशील तर आजच फोन करून थांबव. आणि व्हेट काय म्हणाले ते कळव, शनिवारी सकाळी नऊच्या आत फोन कर, नंतर मी टेकडीवर असतो, तिथे रेंज नसते.

तुझाच,
बाळ्या