हाउसिंग आधी विहिरीत सोडा, मग समुद्रात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीच्या सुट्ट्यांत वऱ्हाडातून तारकर्ली-मालवणला, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर नाहीतर अंदमानात स्कूबा डायव्हिंगसाठी जाणारे आता गावोगाव भेटतात. पर्यटन पुरवण्यांत जायचे कसे, राहायचे कुठे, खायचे काय हे सगळे येते. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा आणि त्याच्या हाउसिंगचा, म्हणजे कॅमेरा ज्यात बंद करून पाण्यात नेतात त्या जलरोधक पेटीचा, विषय मात्र ‘वॉटरप्रूफ मोबाइल असल्यास उत्तम’ एवढ्या एका ओळीत उरकला जातो. ती ओळ महागात पडते, म्हणून हे पत्र.

मोबाइलवरचे ‘आयपी६८’ (धूळ-पाणी रोखण्याचे मानांकन) म्हणजे डायव्हिंगचा परवाना नव्हे. कंपनीप्रमाणे दीड ते सहा मीटर खोली, तीही अर्धा तास, आणि चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. ओपन वॉटर कोर्सची (डायव्हिंगच्या पहिल्या परवान्याची) मर्यादा १८ मीटर. तिथे एकूण दाब जमिनीवरच्या २.८ पट होतो. शिवाय पाणी आत गेले तर वॉरंटी सहसा लागू होत नाही. गळ्यात अडकवायच्या प्लास्टिकच्या पाकिटाचा उपयोग होडीत बसेपर्यंतच. खाली गेल्यावर ते दाबाने पडद्याला चिकटते आणि बोटाचा स्पर्श मोबाइलला कळेनासा होतो.

जो आयुष्यात एकदाच, प्रशिक्षकाचा हात धरून उतरणार आहे, त्याने काहीच विकत घेऊ नये. अशा डाइव्हचा व्हिडिओ बहुतेक ठिकाणी प्रशिक्षकच काढून देतो; पैसे भरण्याआधी तेवढे विचारून घ्यावे. ज्याने कोर्स केला आहे, पण पाण्यात एका जागी तरंगत राहणे अजून जमत नाही, त्यानेही थांबावे. हातात कॅमेरा आला की हवेच्या मीटरवरची नजर सुटते आणि फोटोसाठी गुडघे प्रवाळावर टेकतात. तो प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, हेही ध्यानात असू द्यावे.

बाकीच्यांसमोर दोन सरळ रस्ते आहेत. व्हिडिओ हवा असेल तर अ‍ॅक्शन कॅमेरा. गोप्रोचे अलीकडचे बहुतेक हिरो कॅमेरे नुसते १० मीटरपर्यंत आणि कंपनीच्या डाइव्ह हाउसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत चालतात. डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ नुसता १८ मीटरपर्यंत जातो. आकडा १८ आणि कोर्सची मर्यादाही १८ म्हणून हाउसिंग टाळू नये. एखादा मीटर जास्त खाली जायला वेळ लागत नाही. फोटो हवे असतील, त्यातही लहान खेकडे, गोगलगायी, माशांचे डोळे, तर ऑलिंपसच्या (आता ओएम सिस्टम) टीजी मालिकेचा (टीजी-६, टीजी-७) कॅमेरा. नुसता १५ मीटर, हाउसिंगमध्ये ४५ मीटर. लेन्सपासून सेंटिमीटरभर अंतरावरची वस्तू तो टिपतो आणि पाण्याखालचा रंगसमतोल त्यात आधीच दिलेला आहे. आरशाचा मोठा (डीएसएलआर) कॅमेरा आणि त्याचे अ‍ॅल्युमिनियमचे हाउसिंग हा वेगळाच संसार आहे. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नये.

पैसे कशावर घालायचे यात बहुतेकांची गफलत होते. सगळा खिसा नव्या मॉडेलवर रिकामा होतो आणि दिव्याला काही उरत नाही. पाणी लाल रंग आधी खाते. पाच मीटरवर लाल जवळजवळ गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. म्हणून घरी येऊन पाहिले की सगळे निळेहिरवे. एका मॉडेलने जुना कॅमेरा आणि चांगली व्हिडिओ टॉर्च ही जोडी नव्या कॅमेऱ्याला सहज मागे टाकते. टॉर्च हजार ते अडीच हजार ल्युमेनची (ल्युमेन हे उजेडाचे माप) आणि शंभर अंशांहून रुंद झोताची हवी. शेतात वापरतो तसला अरुंद झोत मधोमध पांढरा गोळा पाडतो. आणि टॉर्च कितीही मोठी घेतली तरी रंग परततो तो सुमारे एक मीटरच्या आत, कारण उजेडाला माशापर्यंत जायचे आणि परत यायचे असे दुप्पट पाणी कापावे लागते. तेव्हा झूम नको, जवळ जा.

टॉर्च कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवू नये. मालवणच्या बाजूचे पाणी बऱ्याचदा हिरवट आणि कणांनी भरलेले असते. धुक्यात गाडीचा अप्पर मारला की समोर पांढरी भिंत दिसते, तेच इथे होते. कॅमेरा बसवायच्या छोट्या ट्रेला आडवा हात लावून टॉर्च लेन्सपासून फूटभर तरी बाजूला धरावी आणि तिचे तोंड किंचित बाहेर वळवावे. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचाही हाच दोष, तो बंद ठेवावा. टॉर्च नसेल तर फिल्टर: निळ्या पाण्याला लाल, हिरवट पाण्याला मॅजेंटा (गुलाबी-जांभळा). दिवा लावला की फिल्टर काढायचा. दोन्ही एकत्र लावणारे गुलाबी मासे घेऊन घरी येतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. हाउसिंगमध्ये पाणी जाते ते बहुधा खोलीमुळे नव्हे, झाकणाच्या ओ-रिंगवर (खोबणीत बसणाऱ्या गोल रबरी कड्यावर) पडलेल्या एका केसामुळे. ज्यांनी पाणबुडी मोटारीचे वायसर बदलले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. दाब वाढला की रिंग खोबणीत आणखी घट्ट बसते, त्यामुळे गळती पुष्कळदा पहिल्या एक-दोन मीटरमध्येच, होडीजवळच होते. आपल्याकडे केसाहून मोठा शत्रू आहे: कापूस. वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत घरात, अंगावर, गाडीच्या सीटवर त्याचे तंतू असतात. रिंगवर आडवा पडलेला एक तंतू डोळ्याला दिसतही नाही, पण पाण्याला तेवढी वाट पुरते. म्हणून रिंग कापडाने, रुमालाने, कानात घालायच्या कापूसकाडीने पुसायची नाही. प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने ती उचलायची, कारण सुई किंवा पेचकसाने खोबणीला ओरखडा पडतो आणि मग नवी रिंगही गळते. धुतलेल्या कोरड्या बोटांतून ती पूर्ण फिरवायची. खडा, केस, चीर बोटाला लागते. ग्रीस त्याच कंपनीने दिलेले, तांदळाच्या दाण्याएवढे, रिंग नुसती चमकेल इतके. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग अडवते. जास्त लावले तर ते धूळच गोळा करते. मोटारीचे ग्रीस, व्हॅसलीन, खोबरेल यांतले काहीही लावू नये, रबर फुगते किंवा सैल पडते. काही हाउसिंगची रिंग तर कोरडीच वापरायची असते, तेव्हा सोबतचे पत्रक आधी वाचावे.

मग चाचणी, आणि ती घरी. कॅमेरा बाहेर ठेवून रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपरची घडी ठेवावी आणि झाकण लावावे. आधी बादलीत बुडवावे. सांध्यात अडकलेले दोन-चार बुडबुडे सुटून थांबले तर ठीक. एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ येत राहिली तर तिथेच दोष. त्यानंतर विहीर. रिकामे हाउसिंग तरंगते, म्हणून अर्ध्या किलोचे वजन बांधावे, पण हाउसिंग दगडावर आपटेल असे नाही. वजन हातभर खाली लोंबते ठेवावे. दोरीला मीटरमीटरवर गाठी माराव्यात. पंधरा मीटर दोरी सोडली म्हणजे पंधरा मीटरचा दाब झाला असे नाही, पाण्याच्या पातळीखाली गेलेल्या गाठी तेवढ्या मोजायच्या. अर्धा तास ठेवून वर काढावे, बाहेरून पूर्ण पुसावे, झाकण खाली तोंड करून उघडावे आणि घडी चाचपावी. विहिरीत पाच मीटरच पाणी असले तरी चाचणी वाया जात नाही, गळायचे ते बहुधा तेवढ्यातच गळते. शेततळ्यावर हे करायचे तर काठावरूनच, कुणी आत उतरू नये. ओल्या प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय निसटला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

प्रत्यक्ष डाइव्हच्या दिवशी हाउसिंगचे झाकण होडीवर नव्हे, राहण्याच्या खोलीतच लावावे, जमल्यास एसीत. कोकणातली दमट हवा आत अडकली, कॅमेरा तापला आणि काचेला पाण्याचा गारवा लागला की लेन्सवर वाफ धरते, आणि वर येईपर्यंत ती पुसता येत नाही. ओलावा शोषणाऱ्या दोन ताज्या पट्ट्या आत ठेवाव्यात. दोन डाइव्हच्या मध्ये ओल्या केसांनी हाउसिंग उघडणे टाळता यावे म्हणून बॅटरी आणि कार्ड पुरेल असे गणित आधीच करावे: ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने घेतला तर तासाला साधारण ४५ जीबी. टचस्क्रीन पाण्यात चालत नाही, सेटिंग वरच करून ठेवावे. ट्रे दोरीने जॅकेटच्या कडीला बांधावा, मनगटाला नव्हे.

पाणी शिरलेच तर घाईने वर यायचे नाही. वर येताना सुरक्षेसाठी घ्यायचा पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा कॅमेऱ्यासाठी कुणी मोडू नये. वर आल्यावर तो चालू करून पाहण्याचा मोह आवरावा, आधी बॅटरी आणि कार्ड काढावे. तांदळाच्या डब्यात पुरल्याने मीठ निघत नाही.

शेवटचा मुद्दा दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या पट्ट्यातल्यांसाठी. डाइव्हनंतर हाउसिंग न उघडता अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून, त्यातच सगळी बटणे दाबायची असतात, म्हणजे फटीतले मीठ सुटते. ते लगेच, तिकडेच करावे. राहिले म्हणून घरी येऊन बोअरच्या पाण्यात भिजवले तर खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीखालचे पाणीच खारट) मीठ पुरते निघत नाही, वाळल्यावर त्या पाण्यातले क्षारही मागे राहतात. बटणांच्या स्प्रिंगवर पांढरा थर धरून ती अडकतात. घरी धुवायचे असेल तर आरओच्या कॅनचे पाणी घ्यावे, सावलीत वाळवावे आणि रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवावी. तारकर्लीला निघण्यापूर्वी एक जादा रिंग सोबत आहे ना, हे मात्र जातानाच पाहावे. तिथल्या दुकानात तुमच्याच मॉडेलची मिळेल याचा भरवसा नाही.

कळावे,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती