मज्जारज्जूची गाठ आणि अर्धवट एमआरआय

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मज्जारज्जूतल्या गाठींच्या शस्त्रक्रियेआधी काढल्या जाणाऱ्या रंगीत एमआरआयवरचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. लेख उत्तमच आहे, पण आपल्याकडे गाडी त्याच्या बरीच आधी अडते. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. कामगारांची दवाखान्यासाठीची उचल माझ्याकडून निघते, त्यामुळे त्यांच्या फायलीही माझ्याच कपाटात येऊन पडतात.

आमच्या एका यंत्रमाग कामगाराचे पाय जड पडू लागले. बेंबीखाली मुंग्या यायच्या, पायातली चप्पल निसटली तरी कळायचं नाही. रात्रपाळीत कोणाची कंबर दुखत नाही? त्यामुळे आधी पट्टा, तेल, गोळ्या आणि मग कमरेचा एमआरआय. एक चकती थोडी सरकलेली निघाली, बाकी काही नाही. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुपका. म्हणजे त्या तपासणीत मज्जारज्जूचं जेमतेम टोक आलं. एमआरआय केंद्राला मी बोल लावत नाही. चिठ्ठीवर ‘कंबर’ लिहिलं होतं, त्यांनी कंबर काढली.

पुढे पुण्याच्या न्यूरोसर्जननी त्याच्या तळव्यावरून किल्ली ओढली, तर पायाचा अंगठा वर गेला. त्यांनी तिथेच सांगितलं, अंगठा असा वर जातो म्हणजे दुखणं कमरेच्या नसांत नाही, त्याच्या वर आहे. पूर्ण पाठीचा एमआरआय, काँट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन, नव्याने झाला. पहिली उचल फिटायच्या आत दुसरी. गाठ छातीच्या मागच्या भागात, मज्जारज्जूच्या आत निघाली.

त्यानंतर आला तो लेखातला रंगीत प्रकार, डीटीआय म्हणजे डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग. ही पद्धत 1994 मध्ये पुढे आली. पेशींमधलं पाणी मज्जातंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं तितकं सरकत नाही. त्या सरकण्यावरून संगणक तंतूंची दिशा काढतो. वर-खाली जाणारे तंतू निळे, डावी-उजवीकडचे लाल, पुढे-मागे जाणारे हिरवे. डॉक्टरांनी पडद्यावर निळ्या रेघा दाखवल्या तेव्हा आमच्या माणसाने लगेच विचारलं, “ताण्याचे धागे गाठीने बाजूला ढकललेत, की गाठीतच गुंतलेत?” डॉक्टर म्हणाले, मला नेमकं हेच बघायचं आहे. मोठ्या माणसांत जास्त आढळणारी एपेंडायमोमा ही गाठ बहुधा तंतूंना बाजूला सारून मध्ये बसते, ती सोडवून काढता येते. अॅस्ट्रोसायटोमा हा गाठीचा दुसरा प्रकार तंतूंमध्येच पसरतो, तिथे हात आखडता घ्यावा लागतो. शिवाय सर्जन मज्जारज्जूत शिरतात ते पाठीमागच्या मध्यरेषेतून. गाठीने ती रेषाच सरकवली असेल, तर आधी कळलेलं बरं.

मात्र ती चित्रं म्हणजे फोटो नव्हेत, गणित आहे, हेही त्यांनी बजावलं. मज्जारज्जू करंगळीएवढा, श्वासाने आणि हृदयाच्या ठोक्याने हलणारा, भोवती हाडं. सूज असली की शाबूत तंतूंच्याही रेघा पडद्यावर तुटतात. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना हातापायांपर्यंत संदेश पोचतो का, हे वेगळं यंत्र सतत पाहत होतं. गाठ एपेंडायमोमा होती, निघाली. आज तो वॉकर घेऊन चालतो. मागावर उभं राहणं अजून लांब आहे.

तर माझं म्हणणं एवढंच, की ‘रंगीत एमआरआय काढा’ म्हणून हट्ट धरण्याआधी साधा एमआरआय नीट व्हावा. पाय जड, बधिरपणा वर चढत चाललेला, लघवीवर ताबा कमी, असा माणूस आला तर चिठ्ठीवर नुसतं ‘कंबर’ न लिहिता लक्षणं लिहावीत, म्हणजे कुठला भाग काढायचा हे रेडिओलॉजिस्टला ठरवता येईल. काँट्रास्टआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) तपासून ठेवावं, ऐनवेळी खोळंबा होत नाही. आणि फिल्मसोबत सीडी द्यावीच. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सर्जनला प्रत्येक काप पुढे-मागे करून बघायचा असतो, आणि डीटीआयचं गणित तर फिल्मवरून होतच नाही. सीडी मागितली की “फिल्म आहे ना” हे उत्तर मी स्वतः खिडकीवर ऐकलं आहे.

सोलापुरात धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडून रुग्ण येतात. इथल्या अर्धवट तपासणीचा भुर्दंड त्यांच्यावर पुण्यात पडतो. सिव्हिल आणि खासगी डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून एक पानी चिठ्ठीचा नमुना ठरवावा: लक्षणं, शंका कुठल्या भागाची, काँट्रास्ट हवा की नको, सीडी दिली की नाही. छपाईचं मी आमच्या मालकांना विचारून ठेवलं आहे. पहिल्या खेपेचा खर्च कारखाना करील.

आपला,
एक हिशेबनीस, साखर पेठ, सोलापूर